नाव घालण्यापूर्वी विचारा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "पिशव्यांच्या कामात तुम्ही जे शिकलात तेच सांगा, त्याहून जास्त काही नको." म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे, त्याचे नाव घालून जो माल करून द्यायचा, त्यात गिऱ्हाइकाशी बोलावे कसे, ही ती गोष्ट.

आपल्या प्रत्येकीच्या मांडणीवर नाव घातलेली भांडी आहेत. लग्नात आलेल्या पातेल्यावर देणाराचे नाव, आपण घेतलेल्या तांब्यावर आपले नाव. भांड्याच्या दुकानात नाव घालणारा बसतो, तो आधी काय करतो हे जरा आठवा. तो कागद पुढे करतो आणि म्हणतो, "नाव लिहून द्या." लिहिलेले मोठ्याने वाचतो, आपण मान हलवली की मगच यंत्राची सुई भांड्याला टेकवतो. न घातलेले नाव केव्हाही घालता येते, पण घातलेले काढता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. मला मात्र हे समजायला तीनशे पिशव्या बिघडाव्या लागल्या.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, हे आपणांस आठवत असेल. बाजारात कापडी पिशव्यांची विचारणा होऊ लागली, तेव्हा आम्ही दहा जणींनी मिळून शिवायला सुरुवात केली. कोऱ्या मांजरपाटाची साधी पिशवी विकण्यात फारसे बोलणे नसते. पिशवी समोर असते, गिऱ्हाईक ती ओढून पाहते, भाव विचारते, पटली तर घेते. पण हळूहळू लोक म्हणू लागले, दुकानाचे नाव घालून द्या, लग्नात वाटायला वधूवरांची नावे घालून द्या. इथे बोलण्याला महत्त्व आले. समोर काहीच नसते. माल गिऱ्हाइकाच्या मनात असतो, आणि आपल्याला तो हातांनी करून द्यायचा असतो. मनातले हातापर्यंत यायला शब्दावाचून दुसरी वाट नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. शेजारच्या घरी लेकीचे लग्न ठरले होते, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. वैनींनी तीनशे पिशव्या सांगितल्या. भाव ठरला पंचेचाळीस रुपये. मजकुराची चिठ्ठी त्यांच्या मुलाने घाईत लिहून आणली. त्यात मुलाकडच्यांचे आडनाव होते. खरी आडनावे मी आज सांगत नाही, बदलून सांगते, पण घोटाळा अगदी असाच झाला. आडनाव होते 'भोरे', आणि मी वाचले 'मोरे'. भ ची वरची रेघ तुटलेली असते आणि म ची सलग असते. घाईच्या अक्षरात तेवढाच फरक उरतो.

खरे सांगायचे तर मला शंका आली होती. मी चिठ्ठी उजेडात धरून दोनदा पाहिली. दोन घरे ओलांडून विचारायला जायला मला किती वेळ लागला असता? पण मनात आले, वैनींची मुले शिकलेली, माझी शाळा सातवीपर्यंतची. मी विचारायला गेले तर म्हणतील, बाईला साधी चिठ्ठी वाचता येत नाही आणि छापायचे काम घेते. शिवाय लग्नघर, कामाची गडबड, त्यांना कशाला त्रास! अशी मी माझी समजूत घातली, आणि बीडला छपाईसाठी मजकूर स्वतःच्या हाताने लिहून दिला. छापणाऱ्याने मी लिहिले तेच छापले. त्याचा काही दोष नाही.

लग्नाला चार दिवस होते तेव्हा मी पिशव्या घेऊन गेले. वैनींनी एक उघडून पाहिली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात विचारले, "आक्का, हे मोरे कोण?"

भगिनींनो, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. सोयऱ्यांच्या दारात, पाचशे माणसांत, मुलीच्या सासरचे नाव चुकीचे वाटले गेले असते तर त्या घराला काय वाटले असते? मुलगी अजून त्या घरात जायची होती.

मग धावपळ झाली. शाई वाळली की धुऊन जात नाही, तिचा गुण तोच. बरोबर नावाची दुसरी जाळी करून घेतली, कापडाच्या पट्ट्यांवर नाव छापून आणले आणि चुकीच्या नावावर पट्टी ठेवून शिवली. दोन रात्री आम्ही नऊ जणी मशिनीवरून उठलो नाही. नऊ म्हणते, कारण दहावी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. तिच्या पिशव्या शिवून झाल्या होत्या, आणि तिची वाटणी आम्ही तिच्या सासूच्या हाती द्यायची होती. मुले सासूजवळ होती, त्यांचा खर्च त्यातून व्हायचा होता.

लग्न नीट पार पडले. वैनींनी ठरलेले पैसे पुरते दिले. पण जाळी, पट्ट्यांचे कापड, छपाई आणि बीडच्या खेपा मिळून २,१०० रुपये जास्त गेले. दहा जणींत प्रत्येकी २१० रुपये तुटले. मी म्हणाले, चूक माझी, माझ्या वाटणीतून कापा. तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, "आक्का, ती चिठ्ठी मशिनीजवळ दोन दिवस पडून होती. मीही पाहिली होती. मलाही ते अक्षर भ सारखे वाटले होते. मी कुठे बोलले?" मग दुसरीही म्हणाली, तिलाही वाटले होते. तोटा आम्ही सगळ्यांनी सारखा वाटून घेतला. ऊसतोडीला गेलेलीची वाटणी मात्र कापायची नाही असे ठरले, कारण ती चिठ्ठी तिने पाहिलीच नव्हती. तिचे २१० रुपये मी घातले.

त्या रात्री मला एक म्हण समजली, जी लहानपणापासून नुसती ऐकत होते: भीड ही भिकेची बहीण. गिऱ्हाईक आपल्या ओळखीचे असले की आपण भाव सांगायला भितो, विसार मागायला भितो, आणि सगळ्यांत जास्त पुन्हा विचारायला भितो. न विचारणे म्हणजे मान राखणे, असे आपण समजतो. वास्तविक ज्याचा मान राखायचा त्याचे नाव नीट विचारून घेण्याइतका मोठा मान दुसरा नाही.

दुसरी एक म्हण आहे, बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. खरी आहे, पण तयार मालापुरती. सांगून करून घ्यायच्या मालात आपल्या बोलण्यापेक्षा गिऱ्हाइकाला बोलते करणे महत्त्वाचे. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात, हे आपण पाहिले आहे. बाजूच्यांना काही कळत नाही, पण ज्यांचे हात रुमालात असतात त्यांना एका बोटाचाही संशय राहत नाही. आमचा सौदा उलटा होता. सगळे उघड्यावर बोललो आणि दोघींच्या मनात दोन वेगळी नावे राहिली.

तेव्हापासून आम्ही मागणीची वही ठेवली. तिच्यात काय लिहून घेतो ते सांगते. आपल्यापैकी कोणी पापड करते, कोणी ब्लाउज शिवते, कोणी रुखवत करून देते. तुम्हालाही त्याचा उपयोग होईल.

पहिले नाव. मजकूर गिऱ्हाइकाने स्वतः वहीत लिहायचा, एकेक अक्षर सुटे. मग आम्ही तो मोठ्याने वाचतो आणि विचारतो, "भटजीतला भ की मामातला म? घरातला घ की धनातला ध? वेलांटी पहिली की दुसरी?" गिऱ्हाईक हसते. हसू द्यावे. हसण्याला पैसे पडत नाहीत. आणखी एक सांगते. संगणकावर मराठी अक्षरांचे निरनिराळे वळण असते. एका संगणकावर नीट दिसलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की कधी कधी जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून जाळी करण्यापूर्वी मजकूर कागदावर छापून घ्यावा, तोच गिऱ्हाइकाला दाखवावा, आणि त्यावर सही घ्यावी.

दुसरे रंग. बायकांना रंगांची किती नावे माहीत! डाळिंबी, अबोली, मोरपिशी, राणी, चिंतामणी. पण दोघींचा चिंतामणी एक नसतो. एका दुकानदाराने आम्हाला 'लाल' सांगितले आणि त्याच्या मनात कुंकवाचा लाल होता, आमच्या मनात विटकरी. आता आम्ही रंगाचे नाव लिहीत नाही, कापडाचा तुकडा वहीला टाचतो. आणि पांढऱ्या कापडावर दिसणारी शाई रंगीत कापडावर तशीच दिसत नाही, हेही आधी सांगतो.

तिसरे माप. 'थोडी मोठी' हे माप नव्हे. १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच पिशवीला १३ इंच रुंद व ३३ इंच लांब तुकडा लागतो. ३६ इंची पन्ह्यात असे दोन तुकडे बसतात आणि उरलेल्या पट्टीतून दोन्ही पिशव्यांचे बंद निघतात. तीनशे पिशव्यांना सुमारे १२६ मीटर कापड झाले. गिऱ्हाईक म्हणाले, रुंदी-उंची दोन-दोन इंच वाढवा, तर सुमारे १४१ मीटर लागते, आणि बंदांना कापड पुरत नाही ते वेगळेच. 'थोडी' या एका शब्दात १५ मीटर कापड जाते. कोरे मांजरपाट पाण्यात आटते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. ते पहिल्या धुण्यानंतर कळून उपयोग नाही.

चौथे संख्या आणि भाव. लोक विचारतात, पन्नास पिशव्यांना भाव जास्त आणि तीनशेंना कमी असा का, आम्ही काय परके? यात परकेपणा नाही, हे समजावून सांगावे. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. समजा जाळीला ६०० रुपये पडले. पन्नास पिशव्यांवर ते दर पिशवीला १२ रुपये झाले, तीनशे पिशव्यांवर २ रुपये. दोन रंग सांगितले की हा खर्च दुप्पट. असा हिशेब कागदावर मांडून दाखवला की गिऱ्हाईक घासाघीस कमी करते, असा आमचा अनुभव आहे. भावात काय धरले आहे आणि काय नाही, पोचवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर लिहावे.

पाचवी तारीख. 'दिवाळीपर्यंत', 'लग्नाच्या आधी' असे लिहू नये. वार आणि तारीख लिहावी, आणि ती आपल्याला झेपेल अशी लिहावी. दसरा-दिवाळी झाली की आपल्या भागातल्या किती जणी ऊसतोडीला जातात, हे आपण जाणतोच. त्या काळात आमचे हात कमी असतात. एकदा बीडच्या एका दुकानदाराने दिवाळीला पाचशे पिशव्या मागितल्या. पूर्वी मी 'बघू, होतील' म्हणाले असते. या वेळी म्हणाले, "भाऊ, तीनशे होतील, पाचशे होणार नाहीत." त्याने तीनशेच सांगितल्या. पुढच्या वर्षी तो श्रावणातच आला. 'बघू' हा शब्द गिऱ्हाइकाला हो वाटतो आणि आपल्याला नाही वाटतो, म्हणून तो आम्ही वहीतून काढून टाकला. आणि उशीर होणार असे दिसले, तर ज्या दिवशी दिसले त्याच दिवशी कळवावे. शेवटच्या दिवशी कळवलेला उशीर फसवणुकीसारखा लागतो.

सहावा विसार. नाव घातलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही. एकाच्या लग्नाची पिशवी दुसऱ्याच्या लग्नात कशी चालेल? म्हणून निम्मे पैसे आधी घ्यावेत, आणि का घेतो ते सांगावे. फोनवर झालेले बोलणे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे आणि उत्तर मागावे. 'चालेल' असे नुसते उत्तर आले तर विचारावे, काय चालेल? रंग, की भाव, की तारीख?

सातवा आणि शेवटचा नमुना. सगळा माल करण्यापूर्वी एक पिशवी पुरती शिवून, छापून, गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी. पसंत पडली की तिच्या आतल्या बाजूला सही घ्यावी आणि ती आपल्यापाशी जपून ठेवावी. हे माझ्या मनचे नाही. आपल्या देशात १९३० सालचा मालविक्रीचा कायदा आहे. त्याच्या १७ व्या कलमात असे आहे की, नमुना दाखवून विक्री ठरली असेल तर सगळा माल त्या नमुन्याच्या प्रतीचा असला पाहिजे, आणि तो नमुन्याशी ताडून पाहण्याची पुरेशी संधी गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे. म्हणजे नमुना गिऱ्हाइकाला जपतो, तसा आपल्यालाही. मागाहून कोणी म्हटले, मी असे सांगितलेच नव्हते, तर नमुना काढून दाखवावा. भांडणाला जागा उरत नाही.

आपण सगळ्या लिज्जत पापडाचे नाव घेतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले, आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. जसवंतीबेन पोपट त्या सातांतल्या एक. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायचा. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनबाप्पा पारेख यांनी सांगितले की एकच चांगला पापड करा आणि प्रतीत कधी तडजोड करू नका. त्यामुळे झाले असे की लिज्जत म्हटले की काय मिळणार, हे गिऱ्हाइकाला न विचारता कळते. आपला माल तसा नाही. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाची पिशवी वेगळी. म्हणून त्यांना जो विश्वास एका पापडाने मिळाला, तो आपल्याला दर वेळी विचारून, वाचून दाखवून मिळवावा लागेल.

काही जणी म्हणतील, मला लिहिता-वाचता फारसे येत नाही, मी वही कशी ठेवू? त्यांना मी सांगते, तुमचे काम उलट सोपे आहे. गिऱ्हाइकाला सांगा, "मला वाचून दाखवा." त्याने आपल्याच तोंडाने वाचले की त्याची चूक त्यालाच दिसते. रंगाला तुकडा आहे, मापाला दोरी आहे, नमुन्याला पिशवी आहे. नाव तेवढे शाळेत जाणाऱ्या मुलीकडून ताडून घ्या. न येण्यात कमीपणा नाही. येत नसताना येते असे दाखवले, म्हणून माझे नुकसान झाले.

वैनींचे आणि माझे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. काही महिने आम्ही एकमेकींशी कामापुरते बोलत होतो. हळदीकुंकवाला त्या आल्या, पण बसल्या नाहीत. मग एके दिवशी धाकट्या मुलाच्या लग्नाच्या पिशव्या सांगायला त्या स्वतः आल्या. मी वही पुढे केली. त्यांनी एकेक अक्षर सुटे लिहिले आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, "आक्का, हा मामातला म बरं का!" आम्ही दोघी हसलो. मी तरीही सगळे पुन्हा वाचून दाखवले, आणि सही घेतली. त्यांनीही ती भिडेशिवाय केली.

मंडळाला माझी एक विनंती आहे. अशी एक कोरी वही मंडळाच्या खोलीत ठेवावी, आणि ज्या भगिनी घरून काही करून विकतात त्यांना ती कशी भरायची हे महिन्यातून एकदा दाखवावे. मी येईन.

माझे बोलणे लांबले. काही चुकले असल्यास आपण मोठ्या मनाने क्षमा करावी, आणि शंका असल्यास मला भीड न धरता विचारावे.